साठीच्या पुढे: तब्येत आणि रोजचं जगणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघात आरोग्यावरचं व्याख्यान संपलं की खरे प्रश्न चहाच्या टेबलापाशी येतात, तेही हळू आवाजात. पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न इथे घेतले आहेत. काही ज्येष्ठांचे स्वतःचे आहेत, काही त्यांच्या मुला-सुनांचे. एक विनंती: इथे वाचून कुठलीही गोळी बंद किंवा सुरू करू नका. चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

बाबांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. म्हणजे तब्येत चांगली आहे ना?

रिपोर्ट चांगले आले याचा आनंद माना, पण सत्तरीनंतर नुसत्या कागदावर जाऊ नका. वृद्धांवर उपचार करणारे डॉक्टर आधी सहा साध्या गोष्टी विचारतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. यातलं काय आपलं आपण जमतं आणि कशाला मदत लागते? त्याच्या वरची पायरी म्हणजे बाजारहाट, स्वयंपाक, फोन, वेळच्या वेळी गोळ्या घेणं, बँकेचे व्यवहार, एकट्याने प्रवास. घसरण आधी या वरच्या पायरीवर दिसते. आयुष्यभर लाइटबिल मुदतीच्या आत भरणाऱ्या माणसाचं बिल लागोपाठ दोनदा थकलं, तर कोलेस्टेरॉलच्या आकड्याआधी त्याची दखल घ्या.

‘जीवनाचा दर्जा’ असं सगळे म्हणतात. तो मोजतात तरी कसा?

जागतिक आरोग्य संघटनेने खास ज्येष्ठांसाठी २४ प्रश्नांची एक प्रश्नावली केली आहे. तिचे सहा भाग आहेत: दृष्टी-श्रवणासारख्या इंद्रियांची क्षमता, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक, आजवरच्या आणि पुढच्या आयुष्याबद्दलचं समाधान, चार लोकांत मिसळणं, मरणाबद्दलची भीती, आणि जवळीक. शेवटच्या दोन गोष्टी आपल्या घरांत कुणी विचारतच नाही. निर्णयाचा मुद्दा तर रोजचा आहे. आईबाबांना मुलाच्या फ्लॅटमध्ये आणलं, स्वतंत्र खोली दिली, वेळेवर जेवण दिलं. पण आज भाजी कोणती करायची, टीव्हीवर काय लावायचं, घरी कुणाला बोलवायचं, यातलं काहीच त्यांच्या हातात उरलं नाही. मग सगळं असूनही ती माणसं कोमेजतात आणि घरातले म्हणतात, ‘कमी काय आहे इथे?’

पडण्याची सगळे एवढी भीती का घालतात?

कारण भीती खरी आहे. तरुणपणी पडलं की खरचटतं. पंच्याहत्तरीत त्याच पडण्याने खुब्याचं हाड मोडतं. मग ऑपरेशन, अंथरूण, छातीत कफ, पायांतली ताकद जाणं अशी रांग लागते. खुब्याचं हाड मोडलंच तर ‘वय झालंय, आता कशाला चिरफाड’ म्हणून दिवस काढू नका. प्रकृतीला झेपत असेल तर पहिल्या दोन दिवसांत ऑपरेशन होऊन माणूस लवकर उभा राहणं हेच बहुधा हिताचं असतं.

घरात सगळ्यात आधी बाथरूम बघा. ओली गुळगुळीत फरशी, मोरीचा उंबरा, बादली उचलायला वाकणं, आधाराला फक्त टॉवेलचा रॉड, आणि तो भिंतीतून निघायला आलेला. कमोडशेजारी आणि शॉवरखाली भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. खुर्ची किंवा स्टूल घेऊन बसून आंघोळ करावी. दाराला आतून कडी नको. बाहेरून उघडेल असं लॅच लावा. बाबांना हे अपमानास्पद वाटतं, त्यांच्याशी आधी बोला. दाराच्या तोंडाशी गोळा होणारं पायपुसणं काढून टाका. बहुतेक घरांत सगळ्यात धोकादायक वस्तू तीच असते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. पलंगापासून संडासापर्यंत रात्री छोटा दिवा राहू द्या. मागे पट्टा नसलेली झिजलेली स्लीपर आणि पायात येणारा लांब गाउन, दोन्ही बदला.

घर नीट करूनही पडणं थांबलं नाही, तर कारण शरीरात शोधायचं. मोतीबिंदू, पायांतल्या मुंग्या, झोपेची गोळी, किंवा उठल्यावर एकदम उतरणारं बीपी. डॉक्टरांना बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांनी, असं दोनदा मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली आला, तर चक्कर का येते त्याचं उत्तर बहुतेक तिथेच मिळतं.

पडण्याचा धोका ओळखायला घरच्या घरी काही चाचणी करता येते का?

येते. हात असलेल्या खुर्चीत बसवा, समोर तीन मीटरवर खडूने रेघ मारा. ‘सुरू’ म्हटलं की उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरतात. चाचणी घेताना शेजारी उभे राहा.

आई दिवसभर घरात कामच करते. तिला वेगळा व्यायाम कशाला?

ओट्यापाशी चार तास उभं राहून पाय दुखतात, बळकट होत नाहीत. ६५ वर्षांवरच्या लोकांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल न लागेल अशा वेगाने चालणं वगैरे करावं, शिवाय किमान तीन दिवस ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्याकडे बागेत चकरा मारणारे पुष्कळ. ताकदीचा व्यायाम जवळजवळ कुणी करत नाही. सुरुवात साधी आहे. हात न टेकवता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं. ओटा धरून टाचा वर उचलणं. ओटा धरूनच एका पायावर दहा सेकंद. गुडघेदुखीतही मांडीचे स्नायू मजबूत करणं हा उपचाराचाच भाग आहे. ‘गुडघ्याची वाटी झिजली’ म्हणून हालचाल बंद केली की दुखणं वाढतं.

रोज अकरा गोळ्या चालू आहेत. एवढ्या लागतात का?

कदाचित लागत असतील, कदाचित नसतील. हे ठरवायला कुणी तरी सगळ्या गोळ्या एकत्र बघायला हव्यात, आणि नेमकं तेच होत नाही. हृदयाचे डॉक्टर त्यांच्या गोळ्या देतात, हाडांचे त्यांच्या, मूत्रविकारवाले त्यांच्या. जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या केमिस्टकडून वर्षानुवर्षं येत राहतात.

घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, चूर्णं, शेजाऱ्यांनी दिलेल्या पुड्या एका पिशवीत भरा आणि पिशवीच फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर ओता. हमखास सापडतं ते असं: वेगळ्या कंपनीच्या नावाची, पण आत एकच औषध असलेली बीपीची गोळी दोनदा चालू आहे. पोटासाठी पंधरा दिवसांपुरती दिलेली ॲसिडिटीची गोळी चौथ्या वर्षातही रिकाम्या पोटी घेतली जाते आहे. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मनानेच रोज चालू आहे. ती किडनीवर ताण आणते, बीपी वाढवते, जठरात रक्तस्राव करू शकते.

आणखी दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. सर्दीच्या काही गोळ्यांत क्लोरफेनिरामिनसारखं गुंगीचं औषध असतं. त्याने वयस्क माणूस गोंधळतो, आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडकू शकते. सांधेदुखीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्याही टाळा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलेलं आहे. पुडी घेतली आणि दोन दिवसांत टुणटुणीत वाटायला लागलं, तर खूश होण्याआधी शंका घ्या.

कालपर्यंत ठीक असलेली आजी आज असंबद्ध बोलते आहे. हा स्मृतिभ्रंश का?

काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत असं झालं असेल तर स्मृतिभ्रंश समजून घरी बसू नका. ही तातडीची अवस्था आहे, डॉक्टर तिला डेलिरियम म्हणतात. माणूस दिवसा ग्लानीत, रात्री बडबड, घटकेत ओळखतो, घटकेत नाही. कारण बहुधा मेंदूच्या बाहेर असतं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं, नवीन गोळी, साखर खाली जाणं. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियातही ताप येईलच असं नाही, आणि हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. नुसता गळाठा आणि गोंधळ एवढंच दिसू शकतं. मात्र चेहरा वाकडा झाला, एक हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो. एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्या.

आणि अर्थात ‘सोडियम’. हल्ली प्रत्येक घरात हा शब्द ऐकू येतो. बीपीसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी, नैराश्यावरची काही औषधं, उलट्या-जुलाब, नुसत्या चहा-बिस्किटावर काढलेले दिवस, यांतून रक्तातलं सोडियम उतरतं. चाल डगमगते, मळमळतं, बोलणं भरकटतं. घरीच मिठाचं पाणी पाजून ते वर आणायचा उद्योग करू नका. ते किती वेगाने वाढवायचं याचं गणित असतं आणि ते रुग्णालयातच सांभाळता येतं.

मग साधा विसरभोळेपणा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

लग्नाला कोण कोण आलं होतं ते आठवत नाही, नाव जिभेवर येऊन अडतं, मागाहून आठवतं: हे वयाचं. पन्नास वर्षं करत आलेल्या पुरणपोळीत पुढे काय करायचं ते सुचेना, रोजच्या मंदिरातून परतताना वाट चुकली, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाचव्यांदा आला, सुनेने दागिने चोरल्याचा संशय सुरू झाला: हे तपासून घ्यायचं. भारतात साठीच्या पुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज एका देशव्यापी अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आला.

तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, नैराश्य आणि ऐकण्याची क्षमता बघायला सांगा, कारण यांवर इलाज आहे. शाकाहारी आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे. मागच्या काही आठवड्यांत डोक्यावर पडले असतील तर तेही आवर्जून सांगा. डोक्यात साकळलेलं रक्त हळूहळू असा त्रास देतं.

खायचं काय? सगळेच म्हणतात, ‘या वयात हलकं खा.’

हलकं म्हणता म्हणता ताटात मऊ भात आणि पातळ वरण एवढंच राहतं, आणि दंडाची कातडी लोंबायला लागते. या वयात प्रथिनांची गरज कमी होत नाही. किडनीचा आजार नसेल तर तज्ज्ञ दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात, म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. दोन वेळा वाटीभर घट्ट वरण किंवा मुगाची उसळ, वाटीभर दही, थोडं पनीर, भाकरीच्या पिठात थोडं सोयाबीनचं पीठ. चालत असेल तर अंडं, मासे. खरी अडचण बहुधा दातांत असते. कवळी सैल झालेली, ती डबीत आणि आजी चहात पोळी बुडवून जेवल्या असं समजायचं. अशा वेळी टॉनिकच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर तपासणी करायलाच हवी.

मधुमेह आहे आणि एकादशी सोडायची नाही. काय करावं?

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्यातून संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली की तीच साखर उसळी मारते. उपवासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, आणि साबुदाण्याऐवजी वरई, राजगिरा, दाणे, ताक, फळं थोडी थोडी घ्या. अशक्त ज्येष्ठांमध्ये साखर वाजवीपेक्षा खाली जाणं ती किंचित वर राहण्यापेक्षा जास्त घातक ठरतं. म्हणून त्यांच्यासाठी एचबीए१सीचं (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या चाचणीचं) उद्दिष्टही सैल, आठच्या आतबाहेर ठेवतात. ‘सातच्या आत आणा’ असा हट्ट घरच्यांनी धरू नये.

रात्री लघवीला चार वेळा उठावं लागतं म्हणून आजी पाणीच पीत नाहीत.

दिवसभर तहान मारली की चक्कर, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग मागे लागतो. पाण्याचा मोठा वाटा सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत घ्यावा, रात्रीचा चहा बंद करावा, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारावं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती, हे डॉक्टर ठरवतील. खोकताना किंवा हसताना लघवी सुटते हे बायका लाजेने वर्षानुवर्षं लपवतात, बाहेर जाणं बंद करतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने यात चांगला फरक पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना स्पष्ट विचारा.

आजोबांना ऐकू येत नाही, पण मशीन लावायला तयार नाहीत.

आधी कानातला मळ काढून घ्या. कधी कधी तेवढ्यानेही काम होतं. मशीन लागणारच असेल तर पहिले काही आठवडे पंख्याचा, भांड्यांचा आवाजही अंगावर येतो. त्याच वेळी ते कपाटात जातं. ऑडिओलॉजिस्टकडे दोन-तीनदा जाऊन ते जुळवून घ्यावं लागतं. ऐकू न येणारा माणूस गप्पांतून हळूहळू बाहेर पडतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये दिली, तिच्या १४ कारणांत बहिरेपणा आहे.

आई म्हणते, ‘मला काही झालेलं नाही’, पण सारखी पोटाची तक्रार, झोप नाही, जेवण कमी.

तपासण्या स्वच्छ आल्या असतील तर नैराश्याचा विचार करा. आपल्या ज्येष्ठांच्या तोंडी ‘मला उदास वाटतं’ येत नाही. पोट, डोकं, झोप यांच्या तक्रारी येतात. यावर उपचार आहेत आणि ते या वयातही लागू पडतात.

एकटेपणाचं म्हणाल, तर पुरुष आणि बायकांची गोष्ट वेगळी असते. नोकरी सुटली की पुरुषांचा दिवस एकदम रिकामा होतो. बायका निवृत्तच होत नाहीत. स्वयंपाक चालू असतो, त्यात नातवंडांची ड्युटी. बायका जास्त जगतात आणि बहुधा नवऱ्याहून लहान असतात, त्यामुळे शेवटची वर्षं एकट्याने काढण्याची वेळही त्यांच्यावरच जास्त येते. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, १९९५ साली मुंबईत सुरू झालेला आणि आता गल्लोगल्ली पोचलेला हास्यक्लब, काहीही चालेल. घराबाहेर ठरलेल्या वेळी वाट बघणारं कुणी तरी हवं. परदेशातल्या मुलांनी रविवारी तासभर व्हिडिओ कॉल करण्यापेक्षा रोज पाच मिनिटं बोलावं, असं माझं मत.

लसी घ्याव्यात का?

फ्लूची दर वर्षी, न्युमोकोकलची डॉक्टर सांगतील तशी, आणि नागिणीची दोन डोसांत. नागीण बरी झाल्यावरही महिनोन्‌महिने राहणारी आग ज्यांनी पाहिली आहे ते ही लस सहसा टाळत नाहीत. ती महाग आहे, हे खरं.

ब्यूरोतून मावशी ठेवायच्या आहेत. काय बघावं?

अंथरुणावरच्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या असतात. कातडी लाल दिसली आणि दाबल्यावरही लाली गेली नाही, तर शय्याव्रणाची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, ती सुरुवात आहे. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडू नये. बाईंना हे येतं का, ते पहिल्याच दिवशी करून दाखवायला सांगा. आणि त्यांच्या जेवणाची, झोपेची, सुट्टीची नीट सोय करा. थकलेल्या माणसाकडून माया होत नाही. घरातल्या ज्या सुनेवर किंवा लेकीवर रात्रपाळी येते, तिलाही हेच लागू.

सरकारी सवलती कोणत्या मिळतात?

७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. यात योजनेतल्या रुग्णालयांत भरती झाल्यास कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. ओपीडीचा खर्च यात नाही. कार्ड आजारी पडायच्या आधी काढा. भरती झाल्यावर आधारचा ओटीपी शोधत बसायला नको.

महाराष्ट्रात ६५ ते ७५ वयोगटाला एसटीचं अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना राज्यात मोफत प्रवास आहे. गरजू ज्येष्ठांसाठी तहसील कार्यालयातून श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन मिळतं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात येतात. तिला उत्पन्नाची अट आहे. अडचणीत १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८.

घर मुलाच्या नावावर केलं, आता तो विचारत नाही. काही करता येईल का?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र दिलं असेल आणि सांभाळ होत नसेल, तर ते रद्द करून मागता येतं. पण ती अट कागदावर असली तर काम सोपं होतं, नसली तर वाद वाढतो. ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांनी मृत्युपत्र करावं, हयातीत बक्षीसपत्र देण्याची घाई करू नये. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही.

मला शेवटी व्हेंटिलेटरवर ठेवू नये असं वाटतं. ते लिहून ठेवता येतं का?

येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. तुमच्या वतीने बोलणाऱ्या, शक्यतो एकाहून अधिक, विश्वासू व्यक्तींची नावं त्यात घाला. वेळ आली की रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळं प्रकृती बघून मत देतात, मगच उपचार थांबवले जातात. एकटा मुलगा किंवा मुलगी ते ठरवत नाही. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या. मुलांना हे दिवाळीत सगळे जमल्यावर तोंडी सांगा, कारण अतिदक्षता विभागाच्या दारात पहिल्यांदा कळलं तर भावंडांत भांडणं होतात.